बोटाची क्लिप आणि हिचा जप

आमच्या बडोद्याच्या उत्तरेला, सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. तिथे मी दर गुरुवारी स्क्रू-ड्रायव्हर, चिकटपट्टी आणि एखादा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जातो. लोक विचारतात, तुम्ही डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, मग तिथे जाऊन करता काय? मी सांगतो, मशिनं वळवतो. यावर विषय संपतो. पण खरं उत्तर तेच आहे, आणि ते नीट सांगायचं तर हिच्या न्यूमोनियापासून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगतो. मी खानदेशातून इथे रिफायनरीत नोकरीला आलो आणि निवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ कंट्रोल रूममध्येच बसलो. तिथे माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की अलार्म वाजला की उठायचं. कशाचा आहे ते बघायचं, मोठ्याने सांगायचं, आणि मगच बटण दाबून तो बंद करायचा. न बघता बटण दाबणाऱ्याची आमच्याकडे खैर नसे. ही सवय हाडात इतकी मुरली आहे की घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी खुर्चीतून उठतो. ही म्हणते, "अहो, बसा ने! तो शिजतोय म्हणून वाजतोय, फुटतोय म्हणून नाही."

त्या 'ने'वरून तुम्ही ओळखलं असेल की ही अस्सल बडोद्याची. माहेर घडियाळी पोळात. पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत होते, त्याचा अभिमान अजून घरात आहे, आणि मराठी अशी की प्रत्येक तिसऱ्या वाक्यात गुजराती डोकावतं. लग्न झालं तेव्हा मी तिची भाषा सुधारायला निघालो होतो. आता मीच दुकानात "केटला थया?" विचारतो आणि घरी येऊनही तेच बोलतो.

तर, मागच्या हिवाळ्यात हिला ताप आला, खोकला वाढला आणि न्यूमोनिया निघाला. ट्रस्टच्या हॉस्पिटलमधले तरुण डॉक्टर आमच्या माहितीचे, माणूस शांत आणि समजूतदार, म्हणून तिथेच दाखल केलं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, ऑक्सिजनचा आकडा मधूनमधून फार खाली जातोय. मी समोर उभा असलो, ताई बोलत असल्या की चांगला असतो. शांत पडल्या की घसरतो. मला ते आवडत नाहीये. संध्याकाळच्या राउंडपर्यंत बघू. असंच राहिलं तर अलकापुरीच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवू, आयसीयूत. आपल्याकडे ती सोय नाही."

मला ते पटलं. पण हिने ते ऐकलं होतं. तिचे कान न्यूमोनियातही शाबूत होते.

"मला काचेच्या खोलीत ठेवू नका," ती म्हणाली. नाकात ऑक्सिजनची नळी, आवाज बसलेला. "ताईला ठेवलेलं. आपण बाहेरून हात हलवत होतो. तिला दिसलं तरी का कोण जाणे."

तिची थोरली बहीण तशाच एका खोलीतून परत आली नव्हती. मी म्हणालो, "अगं, तिचं वेगळं होतं." ती म्हणाली, "हो, वेगळंच होतं. पण तुम्ही मला पाठवू नका." मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मला माहीत नव्हतं. ही घाबरत नाही सहसा. गॅसचा भडका उडाला तेव्हा ती चिमट्याने नॉब फिरवत होती आणि मी अंगणात होतो. पण त्या सकाळी तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती बघून मीही घाबरलो.

आता वॉर्डाबद्दल सांगायला हवं. सहा खाटा, एक सिस्टर, आणि प्रत्येक खाटेला एक मॉनिटर. हे मॉनिटर कुठल्याशा श्रीमंत हॉस्पिटलने नवे घेतले तेव्हा जुने इथे दान दिलेले. मशिनं वाईट नव्हती, पण ती ज्या वॉर्डासाठी बनवली होती तो वॉर्ड हा नव्हता. तिथे म्हणे सगळ्या खाटांचे आकडे एका मोठ्या पडद्यावर दिसतात आणि त्यासमोर एक माणूस बसलेला असतो. इथे तो पडदाही नव्हता आणि तो माणूसही. सहाही मशिनांचा आवाज अगदी एकसारखा. बटणांवरची चित्रं पुसून गेलेली. आवाज बंद करायचं बटण आणि सगळं मशीनच झोपवायचं बटण शेजारी-शेजारी, तेव्हा सिस्टरने आपल्या कपाळाची लाल टिकली काढून योग्य बटणावर चिकटवली होती. रक्तदाबाच्या बटणावर हिरवी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो, पण नंतर मनात सलाम केला. आमच्या कंट्रोल रूममध्येही हेच करायला एक समिती बसली होती.

मशीन वाजलं की सिस्टर असेल तिथून ओरडायची, "कोनुं वागे छे?" म्हणजे कोणाचं वाजतंय. मग नातेवाईक आपापल्या पेशंटचं मशीन बघून सांगत, "अमारुं नथी!" आणि ज्याचं असेल तो हात वर करी. तेव्हा सिस्टर हातातलं इंजेक्शन संपवून यायची, टिकली दाबायची, पेशंटकडे एकदा बघायची आणि जायची. पुन्हा वाजायचं. पहिल्या दिवशी मी प्रत्येक आवाजाला उठलो. दुपारपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाली, "काका, बेसो ने. तमे दर वखते ऊभा थाओ छो, तो बधा पेशंट गभराय छे." मी उठलो की सगळे पेशंट घाबरतात! मी बसलो, पण दर आवाजाला अर्धा उठतच राहिलो.

आणखी एक गंमत होती. आमच्या खाटेच्या आणि शेजारच्या खाटेच्या मध्ये भिंतीवर एकच बोर्ड. दोन्ही मशिनं एकाच ट्रॉलीवर, पाठीला पाठ लावून. ऑक्सिजन मोजायला हिच्या बोटाला लावलेल्या क्लिपची वायर कधीतरी तुटून जोडलेली, म्हणून आखूड. पडदा आमच्याकडे वळवला की ती निसटून यायची. शेजारच्यांचीही तीच रड. त्यामुळे आमच्या मशीनचं तोंड शेजारच्या खाटेकडे आणि त्यांच्याचं आमच्याकडे. मी खाटेच्या अलीकडे स्टुलावर बसलो की मला दिसायचं ते शेजारच्या काकांचं हृदय. आमच्या हिचा आकडा बघायचा तर उठून ट्रॉलीला वळसा घालावा लागे.

शेजारी सावलीचे एक म्हातारे काका होते, दम्याचे. त्यांच्याजवळ त्यांची बायको, जिला सगळा वॉर्ड 'बा' म्हणायचा. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि डब्यात कधी न संपणारी थेपली. बा त्यांच्या खाटेच्या पलीकडे बसायच्या, म्हणजे त्यांच्या समोर आमचं मशीन. आमचा करार तोंडी न ठरताच झाला होता. त्या मला हिचा आकडा सांगायच्या, मी त्यांना काकांचा.

"भाई, बेननुं बाणुं," बा म्हणायच्या. ब्याण्णव.

"बा, काकांचं चोराणुं," मी म्हणायचो. चौऱ्याण्णव.

"सरस," त्या म्हणायच्या आणि एक थेपलं पुढे करायच्या. आकडा चांगला असो की वाईट, थेपलं यायचंच.

त्या तिसऱ्या दिवशी मात्र बांचा आवाज दर थोड्या वेळाने उतरत होता. "भाई, नेव्याशी." एकोणनव्वद. मग "भाई, छ्याशी." शहाऐंशी. लगेच मशीन वाजायचं, सिस्टर यायची, हिला हलवून विचारायची, "बेन, केम छे?" ही बोलायला लागली की आकडा चढायचा. सिस्टर गेली की पुन्हा घसरायचा. रिफायनरीत हे आम्ही फार भोगलंय. मीटर बिघडलं म्हणून फिटरला बोलवावं, तो येऊन उभा राहिला की मीटर शहाणं होतं, आणि फिटर आपल्याकडे बघतो.

सिस्टरने हातपाय गाळले नव्हते. क्लिप उजव्या तर्जनीवर होती ती पुसून पुन्हा लावली. मग डाव्या हाताला लावून पाहिली. पण डाव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा, तो फुगला की हाताचा रक्तपुरवठा अडायचा, आकडा गायब, आणि मशीन बोंबलायला तयार. पट्टा उजवीकडे हलवावा तर डाव्या हाताला सलाइन, तो हात ही सारखा वाकवायची आणि क्लिप तिच्या अंगावरच्या शालीत अडकायची. क्लिप उजव्या हाताला परत आली. बोटाला लावायची एक छोटी बॅटरीवाली डबी वॉर्डात होती, ती प्रसूतीच्या वॉर्डात गेली होती आणि तिथून ती कधी परत येते हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुपार उतरायला लागली. संध्याकाळचा राउंड जवळ आला. मी हिच्या डाव्या बाजूला बसून होतो आणि चिडचिड करत होतो. मशीन बनवणाऱ्यावर, वायर तोडणाऱ्यावर, स्वतःवर. ही डोळे मिटून पडली होती. एकदा म्हणाली, "तुम्ही नका बडबडू, माथा दुखतो माझा."

तेवढ्यात बा उठल्या. "भाई, हुं जरा चा लई आवुं. काकाने जोजो." त्यांना चहा आणायला जायचं होतं, काकांवर मी लक्ष ठेवायचं होतं. काका झोपले होते, पण त्यांना झोपेत नळी उपटून टाकायची सवय. म्हणून मी जाऊन बांच्या स्टुलावर बसलो.

तिथून मला पहिल्यांदा एकाच नजरेत दोन गोष्टी दिसल्या. आमच्या मशीनचा पडदा, आणि त्याच्या खाली, शालीच्या कडेतून बाहेर आलेला हिचा उजवा हात. इतके दिवस मी एकतर हिला बघत होतो, नाहीतर मशीनला. दोन्ही एकदम कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या जागेवरून ते दिसतही नव्हतं.

हात स्वस्थ नव्हता. अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता. अनामिकेवरून खाली, करंगळीवरून वर, मग मधल्या बोटाचं टोक, मग तर्जनीचं टोक. आणि तर्जनीच्या टोकाला होती क्लिप. तिथे पोचला की अंगठा क्लिपच दाबायचा, बेताने, पण दाबायचा. मग तर्जनीवरून खाली उतरून पुन्हा अनामिकेवर. पडद्यावरची लाट दर फेऱ्याला विस्कटत होती, आणि चार-दोन फेरे झाले की आकडा घसरत होता. त्र्याण्णव. एक्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. मशीन वाजलं. हिने दचकून डोळे आणखी घट्ट मिटले आणि अंगठा दुप्पट वेगाने पळायला लागला. आकडा चौऱ्याऐंशीवर गेला.

ही जप करत होती. घाबरली की जप, जपाने क्लिप हलते, क्लिप हलली की मशीन वाजतं, आणि मशीन वाजलं की ही आणखी घाबरते. असले गरगर फिरणारे घोटाळे शोधण्यात माझी उभी नोकरी गेली होती, आणि हा माझ्या बायकोच्या तळहातात चालला होता. मला इतका आनंद झाला की मी उठून काकांची चादर उगाचच सारखी केली.

बा चहा घेऊन आल्या. मी त्यांना हात दाखवला, पडदा दाखवला. त्या म्हणाल्या, "ए तो माळा करे छे. करे ज ने! बीजुं शुं करे?" जप करतायत, करणारच, दुसरं काय करतील! बा सकाळपासून तो हात बघत होत्या. त्यांना तो श्वासासारखाच वाटला होता, त्यात सांगण्यासारखं काय आहे? त्यांचं स्वतःचं बोटही पदराखाली तेच करत होतं.

मी हिच्याकडे गेलो. "अगं, तू जप करतेयस?"

"मग काय करू? तुम्ही तर नुसते मशीनवर चिडताय."

"त्या जपानेच ते वाजतंय."

तिने डोळे उघडले. "रामाच्या नावाने मशीन वाजतं?"

"नावाने नाही. बोटांनी वाजतं. तू क्लिप दाबतेयस. जरा थांब, हात सरळ ठेव, बघ आकडा कसा वर येतो."

"आत्ता थांबवू? आत्ता?" ती उठून बसायला गेली आणि खोकल्याने पुन्हा आडवी झाली. "संध्याकाळच्या आत हजार जप पुरा करीन असं देवाला बोललेय मी. मला इथून हलवू नये म्हणून. आता कितीतरी वेळा मोडला, हे मशीन वाजतं आणि गणती विसरते. पुन्हा पहिल्यापासून."

"मनात म्हण. मोजू नकोस."

"मोजल्याशिवाय हजार झाले हे कळणार कसं? आणि माळ काही इथे नाही."

"माळ असती तरी बोटं हललीच असती."

सिस्टरला बोलावलं. तिला सांगितल्यावर तिने एकदा हाताकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि खळखळून हसली. मग म्हणाली, क्लिप पायाच्या अंगठ्याला लावू. यावर हिने जो निषेध केला त्यात आजार कुठेच दिसला नाही. यंत्राला पाय लावायचा? दसऱ्याला ज्याची पूजा करतात त्याला? तरी सिस्टरने लावून पाहिली. हिने आधी मशीनला हात जोडून माफी मागितली. पण पाय गार पडलेले, मशीनला नाडी सापडेना, पडद्यावर नुसत्या रेघा. क्लिप पुन्हा उजव्या तर्जनीवर आली. डॉक्टर यायला फार वेळ नव्हता. सिस्टर मला म्हणाली, "काका, समजावो," आणि दुसऱ्या खाटेकडे धावली.

मी समजवायला बसलो. मला समजावणं येत नाही, मला ओरडणं येतं. "हे बघ, तू हात हलवलास की आकडा पडणार. आकडा पडला की डॉक्टर तुला अलकापुरीला पाठवणार. तुला जायचं नाहीये ना? मग थांबव!"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "थांबवला आणि तरी पाठवलं तर?"

तिच्या हातात दिवसभर एवढीच एक गोष्ट होती जी ती स्वतः करू शकत होती. बाकी सगळं दुसरे तिला करत होते. नळी, सुई, पट्टा, क्लिप. ती एक गोष्टही मी काढून घ्यायला निघालो होतो, तेही आवाज चढवून. माझा राग एकदम गळून गेला.

"तू म्हण," मी म्हणालो, "मी मोजतो."

"तुम्ही?"

"मोजण्यात माझी नोकरी गेलीय."

तिचा विश्वास बसेना. मी तिच्याबरोबर देवळात जायचो ते चपला सांभाळायला. आत गेलोच तर पंखा किती आवाज करतो ते बघून बाहेर यायचो. "तुम्हाला पेरं येतात?" तिने विचारलं.

"शिकव."

तिने शिकवलं. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, खाली, मग करंगळीच्या मुळापासून वर, मग टोकाटोकांवरून, आणि तर्जनीच्या मुळाशी दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, ती ओलांडायची नाहीत. मी पहिल्याच फेऱ्यात ओलांडली. "अहो! मेरू!" ती ओरडली, आणि पलीकडून बासुद्धा म्हणाल्या, "ना, ना, भाई, त्यां नहीं!" दोघी मिळून मला शिकवायला लागल्या. दहांचे फेरे मी डाव्या हातावर मोजायचे ठरलं. तिने उजवा हात शालीवर सरळ ठेवला, तळवा खाली, आणि ओठ हलवायला सुरुवात केली. मी तिच्या ओठांकडे बघून अंगठा पुढे सरकवत राहिलो.

"एकाणुं," बा म्हणाल्या. थोड्या वेळाने, "त्राणुं." मग, "चोराणुं, भाई." मशीन गप्प होतं. सिस्टर दुरून एकदा मान वळवून बघून गेली.

शंभराच्या आसपास हिचे ओठ मंदावले. मग थांबले. श्वास लांब आणि सारखा चालू राहिला. दिवसभराच्या त्या आवाजाने तिला डोळा लागला नव्हता, तो आता लागला. मीही थांबलो. माझं काम संपलं होतं. बांकडे बघितलं. त्यांनी बोटांनी दाखवलं, चौऱ्याण्णव. तसाच.

आता मोजायचं काहीच नव्हतं, कारण म्हणणारं कोणी नव्हतं. क्लिप हलत नाही म्हणून आकडा टिकलाय हे माझ्याइतकं स्वच्छ कोणाला कळत होतं? तरीही मला अंगठा खाली ठेवायची हिंमत होईना. हजार बोलली होती ती. मी इकडेतिकडे बघितलं. मग मनातल्या मनात एकदा नाव घेतलं आणि अंगठा पुढच्या पेरावर नेला. मग दुसऱ्या पेरावर. कंट्रोल रूममध्ये असला प्रकार कोणी केला असता तर मी त्याला घरी पाठवला असता.

डॉक्टर आले तेव्हा मी फेऱ्याच्या मध्यात होतो. त्यांनी काही विचारलं. मी डावा हात वर करून थांबा म्हणून खूण केली. ते थांबले. माझी दहा पुरी झाल्यावर सिस्टरने त्यांना हात, क्लिप, जप सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता हसू आवरत पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. बांच्या स्टुलाशेजारी, जिथून दोन्ही दिसतं तिथे. बराच वेळ उभे राहिले. हिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. ती जागी झाली नाही.

"शांत झोपेतही टिकलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "मला हेच बघायचं होतं. कुठे हलवायचं नाही, काका. इथेच राहतील." मग जाता जाता म्हणाले, "ही मशिनं जरा फिरवून लावता आली असती ना, तर बरं झालं असतं." मी म्हणालो, "मी फिरवतो." गुरुवारचं काम मला असं मिळालं.

ते गेले. बांनी थेपलं पुढे केलं, ते मी डाव्या हाताने घेतलं आणि मांडीवर ठेवलं. उजवा हात रिकामा नव्हता.

वॉर्डात चहाची किटली फिरायला लागली तेव्हा ती जागी झाली. आधी छताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. आपण अजून तिथेच आहोत हे तिला कळलं. "डॉक्टर आले नाहीत?" तिने घाबरून विचारलं.

"येऊन गेले. तू इथेच राहणार आहेस. कुठे जायचं नाही."

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "हजार झाले?"

"झाले. आत्ताच."

"खोटं नका बोलू हं. मी तर शंभरातच झोपले असेन."

"हो, शंभरातच झोपलीस."

"मग पुढचे कोणी म्हटले?"

"मी," म्हणालो, आणि त्या भरल्या वॉर्डात, बांच्या आणि सिस्टरच्या देखत, मला रडू फुटलं.